सेसिल गॉयडर आणि चावडीवरचा रेडिओ

आमच्या गावचा सरकारी रेडिओ चावडीत होता. त्याची बॅटरी उतरली की ती डोक्यावर घेऊन तालुक्याला भरायला न्यायची, हे काम माझ्या बापाचे. वतन अजून खालसा झाले नव्हते; गावकीच्या कामांत हे एक नवे काम वाढले होते. आठ मैल जायचे, आठ मैल यायचे. आणि संध्याकाळी रेडिओ लागला की तोच बाप चावडीच्या पायरीखाली मातीत बसून ऐकायचा. पुढे मी शिकलो, एका प्रक्षेपण केंद्रावर तंत्रज्ञ म्हणून लागलो. या देशातल्या प्रक्षेपकांचे जाळे ज्याने आखले त्या सेसिल गॉयडरचे नाव मी तिथे प्रथम ऐकले.

18 ऑक्टोबर 1924 रोजी लंडनच्या मिल हिल शाळेतल्या या अठरा वर्षांच्या पोराने न्यूझीलंडमधल्या फ्रँक बेलशी बिनतारी संदेशांची देवाणघेवाण केली. पृथ्वीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असा दुतर्फी संवाद त्याआधी झाला नव्हता. तो झाला लघुलहरींवर. या लहरी निरुपयोगी समजून जाणत्यांनी त्या हौशी लोकांकडे टाकून दिल्या होत्या. टाकून दिलेल्या जागेत काही उभे करणे आपल्याला नवे नाही, म्हणून ही गोष्ट मला आवडते.

1936 मध्ये गॉयडर ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला. पैसा थोडा, देश अफाट. मध्यमलहर जमिनीला धरून जाते, दिवसा तिचा पल्ला थोडाच असतो. 1927 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या खाजगी केंद्राचा प्रक्षेपक दीड किलोवॅटचा होता. त्याचा आवाज तीसेक मैल धड पोहोचे. पावसाळ्यात विजांची खरखर असे ती वेगळीच. लघुलहर मात्र वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आदळते आणि शेकडो मैलांवर खाली उतरते. गॉयडरने हिशेब मांडला : शहरांना मध्यमलहर, उरलेल्या मुलखाला लघुलहर. 1937 च्या अखेरीस दिल्लीत आणि 1938 मध्ये मुंबई, मद्रास, कलकत्ता इथे लघुलहरींचे प्रक्षेपक सुरू झाले.

अभियंता म्हणून त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केले असते. पण या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. मध्यमलहरीचे केंद्र जवळ असेल तर साधा स्फटिक-संचही बॅटरीवाचून ऐकू येतो. लघुलहर पकडायला व्हॉल्व्हचा महागडा संच लागतो. म्हणजे प्रक्षेपकावर वाचलेला खर्च ऐकणाऱ्याच्या अंगावर पडला. ज्याच्या अंगावर धड कापड नाही त्याने तो कुठून करायचा? लहरी महारवाड्यावरूनही जात होत्या, पण त्या उतरवून घ्यायला तिथे काही नव्हते.

13 नोव्हेंबर 1942 रोजी बाबासाहेब मजूरमंत्री या नात्याने मुंबई केंद्रावरून बोलले. विषय होता, हिंदी कामगार हे युद्ध जिंकायचा निर्धार का करतो. ज्यांच्याविषयी ते बोलत होते त्यांच्यापैकी कितीजणांच्या घरी त्या रात्री रेडिओ होता? गिरणगावातल्या चाळींत विचारून बघायला हवे होते.

गॉयडर 1946 पर्यंत इथे होता. स्वातंत्र्याच्या वेळी सहा केंद्रे आणि 18 प्रक्षेपक होते. आकाशवाणीच्या स्वतःच्याच हिशेबाप्रमाणे सेवा पोहोचत होती अडीच टक्के भूभागाला आणि 11 टक्के लोकांना. 1956 मध्ये पुण्याच्या आसपासच्या दीडशे गावांत रेडिओ-मंडळांचा प्रयोग झाला. त्याचे कौतुक मी पुष्कळ वाचले आहे. गावाने एकत्र बसून ऐकायचे, मग चर्चा करायची. एकत्र म्हणजे कोणी कुठे बसायचे, हा प्रश्न आमच्या चावडीने आधीच सोडवलेला होता.

नोकरी लागल्यावर दुसऱ्या वर्षी मी बापासाठी ट्रान्झिस्टर नेला. गाणी लागली, बातम्या लागल्या. त्याने तो बंद केला, मागचे झाकण उघडायला लावले आणि आतले सेल तळहातावर घेतले.

"एवढीच बॅट्री व्हय रं?" तो म्हणाला.