परतीचा पंप (मत्स्यालयातील)

घरगुती मत्स्यालयाच्या खालच्या गाळण-टाकीतले, म्हणजे संपमधले, पाणी वरच्या टाकीत चढवणारा विद्युत पंप. खाली येणारे पाणी गुरुत्वाकर्षणानेच उतरते.

खोक्यावर छापलेला प्रवाह शून्य उंचीवरचा असतो. खरेदीत फसगत होते ती इथेच. उंची वाढते तसा प्रवाह घटतो आणि कमाल उंचीला तो थांबतो. ताशी टाकीच्या सुमारे पाचपट पाणी फिरावे असे धरल्यास २०० लिटरच्या टाकीला ताशी १,००० लिटर लागतात. पण पाणी १.२ मी. चढवायचे असेल, तर ताशी २,००० लिटर क्षमतेचा, २.५ मी. कमाल उंचीचा पंपही जेमतेम तेवढेच देतो. अरुंद नळी आणि काटकोनी जोड यांमुळे त्यातही घट होते. म्हणून उत्पादकाचा उंची-प्रवाह आलेख पाहिल्याशिवाय पंप घेऊ नये.

खाऱ्या पाण्यासाठी सिरॅमिक दांड्याचा पंप घ्यावा. डीसी पंपाचा वेग कमीजास्त करता येतो, मात्र तो महाग पडतो. पाण्यात बुडवलेला पंप पाणी थोडे तापवतो.

वीज गेल्यावर परतीच्या नळीतून पाणी उलटे खाली येते. ते रोखणारी एकदिशा झडप क्षार साचून अडकू शकते. त्यामुळे तेवढे पाणी मावेल इतकी जागा संपमध्ये रिकामी ठेवावीच लागते.