ताळा आणि सिद्धता

गुणाकाराचा ताळा आठवतोय का? ३४ गुणिले २३ बरोबर ७८२. ३४ च्या अंकांची बेरीज ७, २३ ची ५. सात पंचे पस्तीस, म्हणजे ८. इकडे ७८२ ची बेरीज १७, म्हणजे तेही ८. जमला ताळा! पण एखाद्या कार्ट्याने घाईत ८७२ लिहिलं, तरी ताळा जमतोच. ताळ्याने चूक सापडू शकते, पण चूक नाहीच अशी हमी मिळत नाही.

संगणकाच्या प्रोग्रॅमचंही हेच दुखणं. हजार वेळा चालवून पाहिला, तरी हजार एकाव्या वेळी काय होईल? चाचणीने चूक असल्याचं कळतं, नसल्याचं नव्हे, असं डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा कानीकपाळी ओरडून सांगत. मग उपाय? चक्क भूमिती! १९६७ साली रॉबर्ट फ्लॉइड आणि १९६९ साली टोनी होअर यांनी मांडलं की, प्रोग्रॅमच्या तुकड्याआधी काय खरं आहे ते लिहा, नंतर काय खरं व्हायला हवं ते लिहा, आणि मधल्या ओळींनी ते होतंच हे तर्काने दाखवा. म्हणजे आपलं पक्ष, साध्य, सिद्धता. माझा विषय इतिहास, पण गणिताचे सर रजेवर असले की हेच तीन शब्द मी फळ्यावर लिहीत असे.

रेल्वेने तर संगणकाच्या आधीच असलं काम लोखंडात केलं होतं. जॉन सॅक्स्बीने १८५६ साली इंग्लंडमध्ये खटके एकमेकांत अडकवण्याचं पेटंट घेतलं. सांधा चुकीच्या बाजूला असेल तर सिग्नलचा खटका हलतच नाही. आमच्या आंबिवलीवरून कसाऱ्याची लोकल आणि उत्तरेकडच्या मेलगाड्या धावतात, त्या याच तत्त्वाच्या भरवशावर. पुढे लोखंडाची जागा प्रोग्रॅमने घेतली आणि त्याची सिद्धता हवी झाली. पॅरिसची विनाचालक १४ क्रमांकाची मेट्रो ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाली. तिच्या सुरक्षेचा प्रोग्रॅम 'बी' नावाच्या पद्धतीने सिद्ध करून मगच रुळांवर आणला होता.

आपल्याकडे हे काम पुण्यात चालतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. टाटांची टी.आर.डी.डी.सी. ही संशोधन संस्था १९८१ साली तिथे स्थापन झाली. तिथल्या मंडळींचं 'व्हेरिॲब्स' हे साधन प्रोग्रॅम तपासतं. लाखो फेऱ्यांचं चक्र प्रत्यक्ष न फिरवता त्याच्या जागी एक छोटं, सोपं चक्र ठेवायचं आणि त्याच्यावर निष्कर्ष काढायचा, ही त्याची एक युक्ती. अशा साधनांची एक जागतिक स्पर्धा दरवर्षी होते. तिच्या एका मुख्य गटात २०२० आणि २०२१ साली व्हेरिॲब्स पहिलं आलं. क्रिकेटमध्ये असं झालं असतं तर मिरवणूक निघाली असती. असो.

काम मात्र भलतं चिकाटीचं. ऑस्ट्रेलियात २००९ साली 'एसईएलफोर' या छोट्या संगणक-गाभ्याची सिद्धता पूर्ण झाली. प्रोग्रॅम सुमारे ८,७०० ओळींचा आणि सिद्धता सुमारे २ लाख ओळींची! मला आवडला तो त्या मंडळींचा प्रामाणिकपणा. आम्ही यंत्र आणि भाषांतर करणारा कंपायलर बरोबर आहेत असं धरून चाललो आहोत, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं. म्हणजे पक्ष लपवला नाही.

२ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजार स्थानकात अपघात झाला. २९० हून अधिक माणसं गेली. तिथे सिग्नलची यंत्रणा इलेक्ट्रॉनिकच होती. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं की सिग्नलच्या तारांच्या जोडणीत केलेले बदल चुकले होते. सांधा बाजूच्या रुळाकडे वळलेला आणि सिग्नल मात्र मुख्य रुळासाठी हिरवा! कोरोमंडल एक्सप्रेस वेगात उभ्या मालगाडीवर गेली. आतला तर्क कितीही चोख असो, बाहेरची तार खोटी बातमी आणू लागली की पक्षच कोसळतो.

भूमितीच्या पेपरात मुलं पक्ष न लिहिता एकदम सिद्धतेला हात घालायची. मी अर्धा गुण कापायचो. "सर, उत्तर तर बरोबर आहे ना?" म्हणून भांडायची.