'मौजे समा' आणि 'समा गाव' : मराठी व बंगाली नामपदबंधांचा ऐतिहासिक विचार

वडोदरा शहराच्या उत्तर भागातील समा हे एकेकाळचे खेडे आज शहराच्या हद्दीत सामावले गेले आहे. बोलताना लोक 'समा गाव' म्हणतात. जमिनीच्या गुजराती दस्तऐवजात मात्र 'मोजे समा' असे लिहिण्याची रीत आहे. मराठी दस्तऐवजांतही गावाच्या नावाआधी 'मौजे' येते. 'समा गाव' या रचनेत नाव आधी व जातिवाचक शब्द नंतर, तर 'मौजे समा' या रचनेत जातिवाचक शब्द आधी व नाव नंतर. दोन शब्दांच्या या उलटापालटीत भारतीय भाषांच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा दडलेला आहे. प्रस्तुत लेखात मराठी आणि बंगाली या दोन भाषांच्या आधारे त्याचा मागोवा घेतला आहे.

नाम आणि त्याला जोडून येणारी विशेषणे, संख्यावाचके, दर्शक सर्वनामे व षष्ठ्यन्त पदे मिळून जो समूह होतो त्याला नामपदबंध म्हणतात. 'त्या शाळेची दोन जुनी पुस्तके' हा एक नामपदबंध होय. यातील मुख्य पद 'पुस्तके' शेवटी येते व बाकीची पदे त्याच्या आधी येतात. मराठी, गुजराती, उर्दू, बंगाली या सर्व भाषांचा सर्वसाधारण क्रम हाच आहे. फारशीचा क्रम याच्या उलट आहे. तेथे मुख्य पद आधी येते, त्याला 'इजाफत' नावाचा 'ए' हा जोडस्वर लागतो आणि नंतर विशेषण किंवा संबंधी पद येते. गुजरातचा प्रसिद्ध फारशी इतिहास 'मिरात-ए-अहमदी' याचे नावच अशा रचनेचे उदाहरण आहे. बडोदे कॉलेजातील फारशीचे प्राध्यापक सय्यद नवाब अली यांनी संपादिलेली त्याची मूळ संहिता गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये प्रसिद्ध झाली.

सुलतानी व मोगल अमलात दख्खन आणि गुजरातचा दप्तरी व्यवहार फारशीच्या वळणाने चालत असे. 'मौझा', 'कसबा', 'परगणा', 'किल्ला' हे शब्द त्या वळणासह मराठीत आले. 'मौजे', 'कसबे', 'परगणे' यांतील अखेरचा 'ए' हा अनेकवचनाचा प्रत्यय नसून इजाफतीचा अवशेष होय. 'किल्ले रायगड' हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. किल्ला एकच असूनही आपण 'किल्ले' म्हणतो. बोलण्यात 'रायगड किल्ला' असा मराठी क्रमही तितकाच रूढ आहे.

शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंतांनी 'राज्यव्यवहारकोश' रचला आणि फारशी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यामुळे काही शब्द बदलले. पण 'किल्ले' आणि 'मौजे' यांची चौकट टिकून राहिली. कोशकाराला एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवता येतो, दप्तराच्या हाताला बसलेला क्रम मात्र तितक्या सहज बदलत नाही.

मोजणीच्या बाबतीतही असेच घडले. मराठेकालीन याद्यांत 'घोडे रास ५', 'असामी १०' अशा नोंदी होत. यांत 'रास' आणि 'असामी' हे शब्द काय मोजले जात आहे ते सांगतात. रोजच्या मराठीत त्यांची गरज नाही. 'पाच घोडे' एवढे पुरते. 'तीन जण', 'चार नग' यांसारख्या मोजक्या प्रयोगांतच मराठी अशा गणकशब्दांचा आधार घेते.

बंगालीत मात्र हेच साधन व्याकरणाचा कणा आहे. तेथे संख्येला गणकप्रत्यय जोडावा लागतो. पुस्तकांसाठी 'दुटो बोई', माणसांसाठी 'तिनजन छात्र'. संख्या आली की नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही, तर मराठीत 'दोन पुस्तके' असे अनेकवचन करावेच लागते. त्याहून लक्षणीय बाब म्हणजे क्रम बदलला की अर्थ बदलतो. 'दुटो बोई' म्हणजे कोणतीही दोन पुस्तके. 'बोई दुटो' म्हणजे आधी उल्लेख झालेली, ओळखीची ती दोन पुस्तके. मराठीत हा अर्थ आणण्यासाठी 'ती' हे दर्शक सर्वनाम वापरावे लागते. उलट लिंगाच्या बाबतीत बंगाली अगदी सुटसुटीत आहे. 'भालो छेले' व 'भालो मेये' यांत विशेषण बदलत नाही. मराठीत 'चांगला मुलगा', 'चांगली मुलगी', 'चांगले मूल' अशी तीन रूपे होतात आणि षष्ठीचा प्रत्ययही 'चा, ची, चे' असा नामाप्रमाणे फिरतो.

या दोन्ही भाषांची आरंभीची छापील व्याकरणे एकाच हातून झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. विल्यम कॅरी यांचे बंगाली व्याकरण १८०१ साली आणि मराठी व्याकरण १८०५ साली प्रसिद्ध झाले. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते दोन्ही भाषा शिकवीत. पुढे १८३७ साली कंपनी सरकारने न्यायालयीन कामकाजातून फारशी दूर केली. तरीही बंगालमधील जमिनीच्या कागदांत गावाच्या नावाआधी 'मौजा' हा शब्द राहिला. फरक इतकाच की मराठीत इजाफतीचा 'ए' उरला, बंगालीत तो गळून केवळ क्रम उरला.

बडोद्यात या भाषा प्रत्यक्ष एकत्र नांदल्या. अरविंद घोष १८९३ साली गायकवाड सरकारच्या नोकरीत रुजू झाले ते प्रथम जमीनमोजणी व आकारणीच्या खात्यात. लहानपणापासून इंग्लंडमध्ये वाढल्यामुळे त्यांना मातृभाषाच नव्याने शिकावी लागली. त्यासाठी बंगाली लेखक दिनेंद्रकुमार राय १८९८ साली बडोद्यास येऊन त्यांच्याजवळ राहिले. येथेच अरविंदांनी मराठी व गुजरातीचाही अभ्यास केला. पुढे १९३१ साली संस्थानाने 'सयाजी शासन शब्द कल्पतरू' हा राज्यकारभारातील शब्दांचा कोश काढला. त्यात इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारशी, हिंदी आणि बंगाली अशा आठ भाषांचे पर्याय दिलेले आहेत. कारभारातील बहुतेक संज्ञा नामपदबंधच असतात. म्हणून असा कोश वाचताना पर्यायी शब्दांइतकेच त्यांच्या क्रमाकडेही लक्ष द्यावे लागते.

याच बडोद्यात १८९४ साली जन्मलेले माधव त्र्यंबक पटवर्धन ऊर्फ माधव जूलियन यांनी १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परकीय शब्दांच्या त्यागाचा पुरस्कार केला. १९३३ साली मौलवी अब्दुल हक यांचा मराठीवरील फारशी प्रभावाविषयीचा उर्दू ग्रंथ निघाला. त्याआधी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या पत्रांतील शब्द मोजून दाखविले होते. त्यांच्या गणनेनुसार मराठी शब्दांचे प्रमाण १६२८ च्या पत्रात सुमारे १४ टक्के, १६७७ च्या पत्रात सुमारे ६२ टक्के आणि १७२८ च्या पत्रात सुमारे ९३ टक्के भरते.

ही गणना मोलाची असली तरी ती शब्दांची आहे, रचनेची नव्हे. 'सरकारचा हुकूम' या पदबंधातील दोन्ही नामे फारशीतून आलेली आहेत. पण 'चा' हा प्रत्यय, 'हुकूम' या पुल्लिंगी नामाशी त्याचा मेळ आणि मुख्य पद शेवटी ठेवण्याची रीत ही सर्व मराठी आहे. उलट 'किल्ले प्रतापगड' यातील विशेषनामाचा पूर्वार्ध संस्कृत असून रचना मात्र फारशी आहे. शब्दगणनेत पहिला पदबंध परका ठरेल, दुसरा अर्धा आपला ठरेल. रचनेच्या कसोटीवर निकाल उलट लागतो. तेव्हा केवळ शब्दांवरून एखाद्याची मराठी शुद्ध की अशुद्ध ठरविणे शास्त्राला धरून होत नाही.

वर्गात मराठी शिकविणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने 'मदत'ऐवजी 'इमदाद' लिहिले, तर तो शब्दनिवडीचा प्रश्न आहे. शिवाय 'मदत' हा शब्दही त्याच वाटेने मराठीत आलेला आहे. मात्र त्याने 'माझी पुस्तक' लिहिले, तर तेथे खरी अडचण आहे. उर्दूत दोनच लिंगे असून 'किताब' स्त्रीलिंगी आहे. मराठीत तीन लिंगे असून 'पुस्तक' नपुंसकलिंगी आहे. बंगाली घरातील मुलाची अडचण आणखी वेगळी, कारण त्याच्या भाषेत नामाच्या लिंगानुसार विशेषण बदलतच नाही. दोघांच्या वहीत चूक सारखी दिसली तरी तिचे कारण निराळे असते. शिक्षकाने दोन्ही भाषांतील पदबंध फळ्यावर शेजारी मांडून कोणते पद कोठे येते आणि कोणते रूप बदलते हे दाखविले, तर विद्यार्थ्याला आपल्या घरच्या भाषेचा कमीपणा न वाटता मराठीची रचना आत्मसात करता येईल.