उन्हाचं बिल

आमच्या नरखेड तालुक्यात पाहुणा आला की निघताना त्याच्या हातात संत्र्यांची पिशवी द्यायची पद्धत. त्यामुळे परदेशातून सुट्टीवर आलेल्या मामेभावाने चॉकलेटचा भारी डबा आणला, तेव्हा ती आम्हाला बरोबरीची परतफेड वाटली. महिना मे. डबा उघडला तर प्रत्येक तुकड्यावर पांढरट थर. आजीने लांबूनच पाहिलं नि म्हणाली, "बापू, याले त बुरसी आली न!" डबा गोठ्यामागे गेला.

ती बुरशी नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. चॉकलेटमधलं कोकोचं लोणी साधारण 33-34 अंशाला वितळतं. वितळून पुन्हा कसंही गोठलं की स्निग्धांश वर येतो आणि पांढरा दिसतो. खाल्लं तर काही होत नाही, पण तोंडात विरघळण्याची मजा गेलेली असते. आणि आमच्याकडचा मे? नागपुरात 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 वर गेला होता. तिथे 34 ची काय कथा!

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. थंड देशातली ही वस्तू आपल्याकडे आली कशी, आणि वाटेतल्या उन्हाचा खर्च कोण भरतं?

चॉकलेटच्या डब्याची कल्पनाच मुळी थंड हवेतली. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅडबरीने 1868 च्या सुमारास चित्रांचे देखणे डबे काढले. ब्रसेल्सच्या नॉयहाउस घराण्याने 1912 मध्ये आत सारण भरलेलं चॉकलेट केलं आणि 1915 मध्ये ते नीट ठेवायला पुठ्ठ्याची खास पेटी. तुकड्यांनी एकमेकांना चेपू नये एवढीच त्या पेटीची चिंता. ऊन तिच्या हिशेबात नव्हतंच.

उन्हाचा हिशेब केला तो युद्धाने. अमेरिकन सैन्यासाठी हर्शी कंपनीने 1943 मध्ये 'ट्रॉपिकल बार' बनवला. सुमारे 49 अंशात तासभर ठेवला तरी आकार टिकला पाहिजे, ही अट. आकार टिकला, पण चवीसाठी सैनिकांनी त्याला कधी नावाजलं नाही. गंमत अशी की जे चॉकलेट उन्हात वितळत नाही ते तोंडातही नीट वितळत नाही!

आपल्याकडे कॅडबरी 1948 मध्ये आली ती आधी बाहेरून माल आणून, इथे पुन्हा बांधून विकायला. पुढे कारखाने इथेच निघाले, 1965 पासून केरळात कोकोची लागवडही सुरू झाली. परदेशी डबा मात्र बराच काळ नातेवाइकांच्या बॅगेतूनच यायचा. आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध 1 एप्रिल 2001 ला उठले आणि मग तो दुकानात राजरोस दिसू लागला.

त्याचा प्रवास बघा. युरोपातून न्हावाशेवा बंदरापर्यंत तीन-चार आठवडे, तेही 15-18 अंशांच्या थंडगार कंटेनरमध्ये. मग गोदाम, मग नागपूरचा घाऊक व्यापारी. इथपर्यंत थंडावा विकत घेता येतो. खरी परीक्षा नंतरची, शेवटच्या ऐंशी-नव्वद किलोमीटरची. टेम्पोच्या टपाखाली खोकी, दुकानावर पत्रे आणि वीज बेभरवशाची. 2005 नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण भागात भारनियमन बारा-बारा तासांवर जायचं. फ्रिज बंद, फ्रिज चालू, पुन्हा बंद. चॉकलेटला सतत उन्हापेक्षा ही चढउतार जास्त बाधते.

आमच्याकडच्या एका किराणावाल्याला मी विचारलं होतं, भारी डबे का ठेवत नाहीस? म्हणाला, "दिवाळीत ठेवतो न भाऊ. एप्रिल-मेमंदी बलावतच नाही. लाईन गेली का माल माह्या अंगावर." आयात धंद्याचं सगळं वेळापत्रक त्या एका वाक्यात आलं.

हाच प्रश्न 2003 च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात चव्हाट्यावर आला. काही चॉकलेटांत अळ्या सापडल्या. कॅडबरीचं म्हणणं, दुकानांत साठवण नीट होत नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने उलट विचारलं, मग वेष्टन हवाबंद का नाही? शेवटी कंपनीने 'विश्वास' नावाची मोहीम काढून दुकानदारांना साठवणूक शिकवली आणि 2004 च्या सुरुवातीला जाड, सीलबंद वेष्टन आणलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की 'आपली हवाच अशी' म्हणून विषय तिथेच संपला नाही. दुकानदारावर टाकलेला भार थोडा का होईना, वर सरकला.

आता आमच्या संत्र्याकडे वळतो. तेही नाजूकच. आंबिया बहाराचा माल तोडून ट्रकमध्ये भरला की वाटेत काही दबतो, काही सडतो. ती घट कुणाच्या खात्यात जाते? वडील बागेचा सौदा करून घरी यायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरच कळायचं. व्यापारी आधीच शेकड्यामागे तूट धरून भाव सांगायचा. वर "गर्मी आहे, काका" हे ठरलेलं वाक्य.

एक फळ आमच्याकडून बाहेर जातं, एक डबा बाहेरून आमच्याकडे येतो. दोघांचा रस्ता तोच, ऊनही तेच. फरक एवढाच की डब्यासाठी थंडगार कंटेनर आणि जाड वेष्टन शोधून काढलं गेलं, कारण ज्यांचं नुकसान होणार होतं त्यांच्या शब्दाला वजन होतं. आमच्या संत्र्याला अजून बहुतेक वेळा उघडा ट्रक आणि वरून ताडपत्री.

ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं, असं आपण म्हणतो. त्याचं बिल मात्र सारखं वाटलं जात नाही. ते हळूहळू खाली सरकत सर्वात शेवटच्या हातात येतं. कधी तो हात किराणावाल्याचा असतो, कधी माझ्या वडिलांचा.

तो डबा गोठ्यामागे टाकायला नको होता, असं आता वाटतं. चाखून तरी बघायचा.