तळटीप : निवेदक म्हणजे लेखक नव्हे

मजकुरात ‘निवेदक’ म्हटले आहे तिथे ‘लेखक’ असे वाचू नये. हा भेद मराठी वाचकाला नवा नाही. ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून क्रमशः आली, तेव्हा तिच्यातली ‘मी’ होती यमू. माजघरातली बोलणी, वैधव्य, सासरी बळजबरीने झालेले केशवपन, सारे तिच्याच तोंडून कळते. तिथे आपट्यांना निवेदक मानायचे कुणाच्या मनातही येणार नाही.

आक्षेप निघतो तो नेमाडे यांच्या ‘कोसला’ या कादंबरीवरून (१९६३). तिचा निवेदक पांडुरंग सांगवीकर पंचविशीचा आणि १९३८ साली जन्मलेले नेमाडेही तेव्हा पंचविशीचेच. खेड्यातून पुण्यात कॉलेजला येणेही जुळते. मग आडपडदा कशाला? पण जुळणारे तपशील हा कच्चा माल झाला. सांगवीकर शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो, नेमाडे एम. ए. झाले. (आत्मचरित्र शोधणाऱ्यांना असले फरक अडचणीचेच.) त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पांडुरंगाच्या फुशारक्यांवर आणि भाबडेपणावर आपण हसतो, कारण त्याच्या पाठीमागून कुणीतरी त्याच्याकडे तिरकस पाहत असते. ते पाहणारा पांडुरंग नसतो. तृतीयपुरुषी निवेदनात ही फट बुजल्यासारखी वाटते. त्याचा विचार पुढच्या प्रकरणात आहे.