गिरणीतले पाळणाघर आणि कोकणातली आजी

रत्नागिरीहून दक्षिणेस निघाले की काजळी नदीची खाडी ओलांडल्यावर भाट्ये लागते. या खाडीच्या दोन्ही काठांवरची, किंबहुना साऱ्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्याची माणसे मुंबईच्या गिरण्यांत किती होती, हे येथे कोणास सांगावयास नको. 1911 च्या खानेसुमारीत तिथल्या गिरणीकामगारांपैकी निम्म्याच्या जवळपास या एका जिल्ह्यात जन्मलेले निघाले. त्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही मोडत असे. गिरण्यांचा इतिहास सांगताना साचेवाला येतो, जॉबर येतो, संप येतात. त्या कामगारांची पोरे कोणी सांभाळली, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो.

त्याचे एक उत्तर आपल्या गावातच आहे. पुरुष बोटीने मुंबईस गेला, बायको-पोरे व म्हातारी मागे राहिली. महिन्याला मनीऑर्डर आली तर आली. पण आजीचे हात, घरचे भात, आजारातली जागरणे यांचा खर्च गिरणीच्या चोपड्यात कधी चढला नाही. मालकास कामगार मिळे तो वाढवलेला, तयार. आणि थकला की तो परत गावी येई. कामगारांच्या मुलांसाठी मालकाने पदरचे काही घालावे काय, असा वाद पुढे पुष्कळ झाला. मालकासाठी कोकणाने पदरचे घातले होते, ते त्या वादाच्या कितीतरी आधी.

सगळ्याच बायका मात्र गावी राहिल्या नाहीत. 1920 नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. त्या मुख्यत्वे रीळ आणि वाइंडिंग खात्यांत असत व नायकिणीच्या हाताखाली काम करीत. पहाटे चाळीतून निघावयाचे आणि संध्याकाळी परतावयाचे; तेवढ्या वेळात तान्ह्या मुलाचे काय? त्याचे उत्तर अफू होते. 1922 साली मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंच्या पाहणीत, गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या शंभरांतील 98 मुलांना अफू दिली जाते असे आढळले. तिला बाळगोळी म्हणत. नाव किती गोड! मूल निजून राही, भुकेची जाणीव होत नसे, आणि आईचा रोज बुडत नसे. त्या आयांना दोष देणारे तेव्हाही होते. ज्या खात्यात मूल आणावयाची सोय नाही आणि ज्या खोलीत मुलापाशी कोणी नाही, त्या दोहोंमध्ये सापडलेल्या बाईने दुसरे काय करावयाचे होते, हे त्यांनी सांगितले नाही.

काही गिरण्यांनी त्या काळात स्वतःहून पाळणाघरे काढली. नागपूरच्या एम्प्रेस मिलचे नाव त्यात आवर्जून घ्यावे लागते. पण अशा गिरण्या थोड्या. मालकाच्या मर्जीवर चालणारी सोय मर्जी असेतोवरच टिकते.

मर्जीचे कर्तव्य होण्याचा पहिला प्रसंग मुंबईच्या कायदेमंडळात आला. बाळंतपणाच्या साहाय्याच्या बिलावर 1928 मध्ये चर्चा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. त्यांचे मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यातले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रजेच्या कल्याणाचा भार मुख्यतः सरकारचा खरा. परंतु मालक बाईला कामावर घेतो तो तिच्यापासून अधिक लाभ होतो म्हणून, तेव्हा काही अंशी भार त्यानेही उचलणे न्याय्य आहे. पुढल्या साली कायदा झाला. 1934 च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासांहून अधिक बायका असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखण्याविषयी नियम करण्याची मुभा प्रांतिक सरकारांना दिली. 1948 च्या कायद्याने मुभेचे बंधन केले. खोलीत उजेड व हवा हवी, शिकलेली बाई देखरेखीस हवी. मुलांना फुकट दूध वा खाऊ देण्याविषयी आणि आईला मधूनमधून पाजावयास जाऊ देण्याविषयी नियम करण्याचीही त्यात तरतूद होती.

कायदा चांगला होता. त्याची मेख त्या आकड्यात होती. बायका मोजून पाळणाघर ठरवले, की प्रत्येक बाई मालकाच्या हिशेबात खर्चाची बाब होते. गिरण्यांतील बायकांचे प्रमाण त्या दशकांत घसरत गेले. रात्रपाळीची मनाई आणि नवी यंत्रे ही त्याची मोठी कारणे, हे खरेच. पण बाई म्हणजे जादा खर्च, हा हिशेबही त्यांच्या जोडीस होता असे मला वाटते. 1976 मध्ये पन्नासांची मर्यादा तिसांवर आणली. मोजण्याची रीत बदलली ती 2017 मध्ये, बाळंतपणाच्या कायद्याच्या दुरुस्तीने: पन्नास नोकर असले की पाळणाघर, मग त्यांत पुरुष किती व बायका किती, हे पाहावयाचे नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हीच रीत ठेवली. इतकी साधी गोष्ट सुचावयास सुमारे सत्तर वर्षे लागली.

आपल्या जिल्ह्यात मात्र या आकड्यांच्या खालचेच काम फार. वीस-पंचवीस बायकांची काजूची शेड पाळणाघराच्या कोणत्याच मर्यादेत बसत नाही. मासळी सोलणारी बाई नगावर किंवा वजनावर मजुरी घेते, आणि आंब्याचे कॅनिंग हंगामापुरते चालते. तिथे अजूनही आजीच. ती असेल तोवर. आता पुष्कळ घरांतली आजीही मजुरीस जाते.

2017 च्या दुरुस्तीने आईला दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मोकळीक दिली. भाट्याहून रत्नागिरीस कामाला जाणाऱ्या बाईचे मूल भाट्यालाच राहिले, तर चार वेळा पूल ओलांडून ती येणार कशी?