जकातमाफी : सवलत आणि समता

'ड्यूटी फ्री' म्हटले की विमानतळांवरील झगमगती दुकाने डोळ्यांसमोर येतात. तशा दुकानांचा आरंभ आयर्लंडमधील शॅनन विमानतळावर १९४७ साली झाला. जकातमाफी ही कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि आपल्याकडे तिचा इतिहास रक्तरंजित आहे.

१७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियर याने ईस्ट इंडिया कंपनीला वार्षिक ३,००० रुपयांच्या मोबदल्यात बंगालमध्ये जकातमाफ व्यापाराची मुभा दिली. 'दस्तक' नावाचा परवाना दाखवला की कंपनीचा माल जकातीवाचून सुटत असे. पुढे कंपनीच्या नोकरांनी हेच दस्तक मीठ, सुपारी, तंबाखू यांच्या खाजगी व्यापारासाठी वापरले. प्रसंगी ते इतरांना विकलेही. नवाबाचा महसूल बुडाला आणि जकात भरणारा देशी व्यापारी स्पर्धेतून बाद होऊ लागला.

यावर १७६३ मध्ये नवाब मीर कासिम याने साधा उपाय केला : अंतर्गत जकात सर्वांनाच माफ केली. वास्तविक यामुळे इंग्रजांवर एका पैचाही नवा बोजा पडत नव्हता. तरीही कलकत्ता कौन्सिलमधील बहुमताने हा आपल्या हक्काचा भंग मानला. त्याच वर्षी युद्ध पेटले. १७६४ मध्ये बक्सारची लढाई झाली आणि १७६५ मध्ये बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती गेली.

याचा अर्थ स्पष्ट आहे. कंपनीच्या नोकरांना जकातमाफी हवी होतीच. पण त्याहून अधिक, इतरांनी जकात भरत राहणे हवे होते. सवलत सर्वांना मिळताच ती सवलत उरत नाही, समता होते. आणि त्यांना नको होती ती हीच समता.